‘गाव निवडा’ : सातबारा पडद्यावर आला त्याचा इतिहास

निफाड तालुक्यात दोन सुकेणे आहेत, कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे. धारणगावेही दोन, एक वीर आणि एक खडक. शिरवाडे वणी वेगळे, शिरवाडे वाकद वेगळे. नुसते पिंपळगाव म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बसवंत येते, पण लासलगावला खेटून पिंपळगाव नजीक आहे. जळगाव नावाचेही एक गाव या तालुक्यात आहे आणि खानदेशातल्या जळगावाशी त्याचे काही देणेघेणे नाही. गावकऱ्यांचा यात कधी घोळ होत नाही. चावडीवर बसणाऱ्या तलाठ्याचाही होत नसे, कारण त्याच्या कपाटात फक्त त्याच्या सज्जातली दप्तरे असत. ही सगळी गावे संगणकाच्या पडद्यावर एका अरुंद चौकटीत एकाखाली एक येऊन बसली, तेव्हा घोळाला पहिल्यांदा जागा मिळाली.

उजव्या टोकाला छोटा बाण असलेली ही चौकट आता सगळ्यांच्या परिचयाची आहे. बाण दाबला की यादी खाली उघडते, त्यातले एक नाव निवडायचे आणि पुढे जायचे. संगणकवाले तिला ड्रॉप-डाउन लिस्ट म्हणतात, काही जण कॉम्बो बॉक्स म्हणतात. तिच्यात कोणती नावे यावीत, कोणत्या क्रमाने यावीत आणि एक नाव निवडल्यावर पुढच्या चौकटीत काय उघडावे, हे कोडच्या थोड्या ओळी ठरवतात. त्या ओळी लिहिणाऱ्याने सुकेण्याचा रस्ता पाहिलेला असेलच असे नाही. पण जमिनीची खरेदी, वारसनोंद, सोसायटीचे कर्ज आणि सरकारी अनुदान या सगळ्यांची वाट आज त्याच चौकटीतून जाते. म्हणून ती चौकट आपल्या महसुली दप्तरात कशी शिरली आणि तिने काय बदलले, हे नीट पाहायला हवे.

कागदाची शिस्त

या दप्तराची मुळे कंपनी सरकारच्या काळात आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून शेतांची नव्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला प्रत आणि आकार म्हणजे सारा, आणि तो आकार तीस वर्षे कायम, अशी ती पद्धत होती. पुढे ती दख्खनभर लागू झाली. सर्व्हे नंबर हा शब्द तेव्हापासून शेतकऱ्याच्या तोंडी बसला. शेताला आकडा मिळाला म्हणजे ते यादीत बसू शकते, इथपर्यंतचे काम तेव्हाच झाले होते.

पण शेताचा नंबर असणे आणि शेत कोणाचे हे लिहिलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतेच बाहेर काढून जाळली. कागदावर काय लिहिले आहे हेच आपल्या जमिनीचे भवितव्य ठरवते, हे त्यांना पक्के कळले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्याखाली पुढे विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहणारे महादेव गोविंद रानडे १८४२ मध्ये निफाडलाच जन्मले होते. कर्जाचे कागद, गहाणखते, कुळांचे अर्ज यांचा ढीग त्यांच्याइतक्या बारकाईने फार थोड्यांनी वाचला असेल.

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली आणि गाव नमुन्यांची रचना हळूहळू पक्की झाली. नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिके आणि आठ-अ म्हणजे खाते. सात आणि बारा एकाच कागदावर आले आणि त्या जोडीला सगळा महाराष्ट्र सातबारा म्हणू लागला. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आजही या सगळ्याचा आधार आहे. त्याच्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

कागदावरच्या या व्यवस्थेचा एक गुण होता. तिच्यातली चूक डोळ्यांना दिसत असे. खाडाखोड, वेगळी शाई, ओळींच्या मध्ये दाटीने घातलेले नाव, बाजूची सही नसणे यांवरून अनुभवी माणूस लगेच बोट ठेवी. लबाडी करणाऱ्यालाही हस्ताक्षराचा माग सोडावा लागे. दोष अर्थातच मोठे होते. एकच प्रत, ती तलाठ्याच्या ताब्यात, आणि उतारा हवा असेल तर तलाठी भेटेपर्यंत खेटे घालायचे. वाळवी आणि पाणी यांनी जे खाल्ले ते गेलेच. संगणक आणायला हीच कारणे पुरेशी होती.

चौकटीचा जन्म

खाली उघडणारी यादी कोणा एका माणसाने एका दिवशी शोधलेली नाही. झेरॉक्स कंपनीच्या स्टार या १९८१ च्या संगणकात आणि ॲपलच्या १९८३ च्या लिसामध्ये माणसाने आज्ञा टंकण्याऐवजी पडद्यावरून निवड करावी, हा विचार रुजला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० मध्ये, म्हणजे १९९० मध्ये, कॉम्बो बॉक्स हा तयार घटक म्हणून प्रोग्रामरच्या हाती आला. पुढच्याच वर्षी व्हिज्युअल बेसिक आले आणि खरा फरक पडला. ॲलन कूपर यांनी तयार केलेली रुबी नावाची रचना मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि तिला बेसिक या सोप्या भाषेची जोड दिली. प्रोग्रामरने पडद्यावर माउसने चौकट ओढून ठेवायची आणि तिच्यामागे चार ओळींचा कोड लिहायचा. त्याआधी विंडोजवर साधा अर्ज उभा करायलाही सी भाषेतली पानेच्या पाने लागत.

भारतात नव्वदच्या दशकात याचा प्रसार झपाट्याने झाला. पुणे-नाशिकच्या कॉलेजांतून आणि तालुक्याच्या गावच्या क्लासमधून मुले व्हिज्युअल बेसिक शिकू लागली. बँका, पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्यांची हिशेबाची कामे अशाच साधनांवर उभी राहिली.

त्या कोडकडे जवळून पाहू, कारण पुढची गोष्ट तिथेच दडलेली आहे. यादीत नाव घालायचे तर ‘ॲडआयटम’, यादी रिकामी करायची तर ‘क्लिअर’. कितवे नाव निवडले ते ‘लिस्टइंडेक्स’ सांगतो. पहिल्या नावाचा आकडा शून्य असतो आणि काहीच निवडलेले नसेल तर उणे एक. नावामागे एक न दिसणारा आकडाही लपवता येतो. पडद्यावर ‘कसबे सुकेणे’ दिसते, पण साठवला जातो तो आकडा. दोन गावे सारख्या नावाची असली तरी आकडे निराळे असतात, म्हणून ही सोय फार मोलाची.

आता जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन चौकटी एकमेकींवर अवलंबून ठेवायच्या आहेत असे धरा. वापरणाऱ्याने नाशिक निवडले की दुसऱ्या चौकटीत नाशिकचे पंधरा तालुके यावेत, त्यांतला निफाड निवडला की तिसरीत निफाडची शंभरावर गावे यावीत. तालुका बदलला की प्रोग्रामरने गावांची जुनी यादी आधी रिकामी करायची आणि मग नवी भरायची. ‘क्लिअर’ची ती एक ओळ लिहायची राहिली तर निफाडच्या गावांखाली येवल्याची गावे येऊन चिकटतात. एका ओळीची ही चूक नवशिका प्रोग्रामर हमखास करतो.

दुसरी चूक याहून बारीक आहे. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट आले आणि यादी थेट माहितीच्या तक्त्याशी जोडता येऊ लागली. काम सोपे झाले, पण अशी जोडलेली यादी भरताच तिच्यातले पहिले नाव आपोआप निवडले जाते, आणि निवड झाली असे समजून त्यामागचा कोडही चालू लागतो. वापरणाऱ्याने हात लावलेला नसतो आणि गाव मात्र ठरून गेलेले असते. जाणता प्रोग्रामर यावर दोन उपाय करतो. यादी भरून झाल्यावर तो निवड उणे एकावर नेऊन ठेवतो, किंवा सगळ्यांत वर ‘गाव निवडा’ अशी एक नाममात्र ओळ घालतो आणि तीच कायम राहिली तर पुढे जाऊ देत नाही. सरकारी संकेतस्थळांवर दिसणारी ती ‘निवडा’ची ओळ शोभेची नाही. कोणीच निवडले नसताना काहीतरी निवडले जाऊ नये म्हणून ती तिथे असते.

तिसरी गोष्ट माउसच्या चाकाची. विंडोजवर अशी चौकट निवडलेल्या अवस्थेत असताना पान खाली सरकवण्यासाठी चाक फिरवले, तर पान जागचे हलत नाही आणि चौकटीतले नाव पुढे सरकते. दिवसभर नोंदी भरून थकलेल्या माणसाच्या हातून हे सहज घडते. पडद्यावर सगळे स्वच्छ, सुवाच्य आणि एकसारखे दिसते. खाडाखोड नाही, शाईचा फरक नाही. लिहिण्यातली चूक जाऊन निवडण्यातली चूक आली, आणि ती आता कोणाच्या नजरेला खुपत नाही. माझ्या मते या साऱ्या स्थित्यंतरातला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

अक्षरांची अडचण

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला गेला. नंतरच्या दशकात ती सगळीकडे पसरली आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या मदतीने तालुक्या-तालुक्यांत सातबारे संगणकात भरले जाऊ लागले.

तेव्हाची पहिली अडचण देवनागरीची होती. संगणक इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट हे भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यातही देवनागरी होती. पण रोजच्या वापरात युनिकोड यायला पुढे दहा-बारा वर्षे गेली. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत चौकटीत युनिकोड मराठी घातली तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची ओळ उमटे. मग प्रत्येक संस्थेने आपापला फॉन्ट वापरून मार्ग काढला. एका फॉन्टमधले ‘विंचूर’ दुसऱ्या फॉन्टमध्ये अगम्य चिन्हे होऊन बसे. त्या काळात कार्यालयात काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही.

युनिकोड आल्यावर अक्षरे सुधारली, तरी यादीचा क्रम बिघडलेलाच राहिला. चौकटीतली नावे क्रमाने लावायची सोय तयार असते, पण क्रम कोणता? मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, क्ष आणि ज्ञ शेवटी. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे आणि क्ष हे क-ष असे जोडाक्षर असल्याने क च्या घरात जाते. चांदोरी आणि चाटोरी ही दोन गोदाकाठची गावे घ्या. चांदोरीतला अनुस्वार ‘न’सारखा उच्चारला जातो म्हणून शोधणारा ती चाटोरीच्या खाली धुंडाळतो. तक्त्यात अनुस्वाराचा आकडा सर्व व्यंजनांच्या आधी आहे, म्हणून नुसत्या आकड्यांवर लावलेल्या यादीत चांदोरी वर जाऊन बसते. मराठीचा क्रम पाळायचा तर तो प्रोग्रामरला मुद्दाम सांगावा लागतो.

गट नंबरांचे तर याहून वाईट. गट नंबरात १२/१/अ असे पोटहिस्से येतात, म्हणून तो आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवावा लागतो. मजकूर म्हणून क्रम लावला की यादी १, १०, १००, १०१, ११, १२ अशी जाते आणि २ शोधणारा शेतकरी शंभर-दीडशेच्या गर्दीत हरवतो.

एकच नाव वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिण्याचा प्रश्न यातच येतो. लासलगाव आणि लासलगांव, विंचूर आणि विंचुर. ऱ्य लिहायच्या दोन पद्धती डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे मजकूर असतात. म्हणूनच कॉम्बो बॉक्सचा एक साधा गुणधर्म निर्णायक ठरतो. चौकटीत टंकण्याची मुभा द्यायची की फक्त निवडू द्यायचे? टंकू दिले तर एका गावाची चार रूपे साठवली जातात. फक्त निवडू दिले तर रूप एकच राहते, पण यादीत जे नाही ते नोंदवायला वाव उरत नाही. सरकारी कामात दुसरा पर्याय घेतला गेला आणि गावांच्या बाबतीत तो योग्यच होता.

ई-फेरफार आणि चावडीवाचन

२००८ मध्ये केंद्राने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि त्याखाली महाराष्ट्रात ई-फेरफारची आखणी झाली. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात आधी प्रयोग झाला, मग प्रणाली राज्यभर गेली. तोवर तालुक्या-तालुक्यात सुटी-सुटी असलेली माहिती जिल्ह्याच्या आणि राज्याच्या पातळीवर एकत्र येऊ लागली. तलाठ्यांच्या हाती लॅपटॉप आले, डिजिटल सहीची टोकने आली. तहसील कचेरीतल्या एका नायब तहसीलदाराकडे डीबीए, म्हणजे माहितीसाठा सांभाळण्याची, ही नवी जबाबदारी आली.

नव्या रचनेत दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती थेट तहसीलकडे येते, हितसंबंधितांना द्यायची नमुना नऊची नोटीस प्रणालीतून निघते, मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा त्याबरोबर बदलतो. फेरफार कशाचा तेही यादीतूनच निवडायचे असते. खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र, बोजा चढवणे, बोजा कमी करणे. निवडीप्रमाणे पुढचा नमुना उघडतो. कागदावर तलाठी आपल्या शब्दांत व्यवहाराची हकीगत लिहीत असे. तिला आता ठरावीक साचा आला. वाद कमी होण्यासाठी हे चांगले झाले. ज्या व्यवहाराला साच्यात जागा नाही त्याची मात्र पंचाईत झाली.

पण या सगळ्याच्या आधी एक डोंगर ओलांडायचा होता. आधीच्या वर्षांत भरलेली माहिती हस्तलिखित सातबाऱ्याशी जुळत नव्हती. कुठे खातेदाराचे नाव राहिलेले, कुठे क्षेत्राची बेरीज न जुळणारी, कुठे इतर हक्कातला सोसायटीचा बोजा गायब. निफाडसारख्या तालुक्यात, जिथे द्राक्षबागेसाठी काढलेले कर्ज आणि त्याचा बोजा हा शेतकऱ्याच्या आयुष्याचा भाग आहे, तिथे एक ओळ गळणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. मग एडिट आणि री-एडिट अशी दुरुस्तीची साधने प्रणालीत उघडली गेली. क्षेत्राचा मेळ न लागणाऱ्या सातबाऱ्यांचे अहवाल संगणक काढून देई, तलाठी जुन्या कागदाशी ते ताडून पाही, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ प्रमाणे तहसीलदाराचे आदेश होत.

२०१७ च्या उन्हाळ्यात शासनाने चावडीवाचनाची मोहीम घेतली. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अहवाल बेरजेतली चूक पकडतो, पण गावात वारलेला माणूस अजून खातेदार आहे, किंवा दोन भावांपैकी एकाचेच नाव आले आहे, हे कोणत्याही कोडला कळत नाही. शेजारच्या माणसाला कळते. पडद्यावर जी चूक दिसत नव्हती ती वाचल्यावर कानाला खटकली. संगणकीकरणाच्या तिसऱ्या दशकात शासनाला चावडीकडे परत यावे लागले, आणि त्यात काही कमीपणा नव्हता.

राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांची ही दुरुस्ती होत गेली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी ताटकळणे संपले. महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरून तो कोणालाही उतरवून घेता येतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यातच बदल झाले. त्यांतला एक बदल कमी लोकांच्या लक्षात आला असेल: गावाच्या नावाबरोबर त्याचा एलजीडी कोड छापला जाऊ लागला. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला असलेला हा आकडा. व्हिज्युअल बेसिकच्या चौकटीत नावामागे लपलेला आकडा आता उघडपणे कागदावर आला. दोन्ही सुकेण्यांच्या उताऱ्यांवर दोन वेगळे आकडे आहेत आणि बँकेत बसलेल्या परक्या अधिकाऱ्यालाही आता फरक कळतो.

पिकांची यादी

सात नंबरचा प्रश्न असा बराचसा सुटला, तसा बारा नंबरचा पुढे आला. पीकपाहणी हे तलाठ्याचे जुने काम. हंगामात शेतावर जायचे आणि काय पेरले ते लिहायचे. एका तलाठ्याकडे अनेक गावे, त्यामुळे पुष्कळदा ही नोंद बसल्या जागी, मागच्या वर्षीचे पाहून होई. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि हे काम शेतकऱ्याच्या फोनवर आले. शेतात उभे राहून गट नंबर निवडायचा, हंगाम निवडायचा, पीक निर्भेळ की मिश्र ते सांगायचे, पिकाचे नाव आणि सिंचनाचे साधन यादीतून घ्यायचे आणि फोटो काढायचा.

डेस्कटॉपवरची चौकट आता हातातल्या फोनवर होती, आणि निवडणारा प्रशिक्षित कारकून नव्हता. यादी लांब असली की अंगठ्याने सरकवत जावे लागते, उन्हात पडदा दिसत नाही, मध्येच रेंज जाते. जिल्हा-तालुका-गावाच्या यादीत चूक झाली तर ती निदान कोणी दुसरा दाखवू शकतो. कांदा लावला आणि नोंद झालीच नाही, तर ते दाखवणारे कोणी नसते. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत या बाजारांच्या तालुक्यात ही उणीव कधी ना कधी अंगाशी येणारच होती.

ती २०२३ मध्ये आली. त्या वर्षी लेट खरिपाच्या लाल कांद्याचे भाव पार कोसळले. शासनाने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली गेली. कांदा विकलेला होता, बाजार समितीची विक्रीपट्टी हातात होती, पण अनेकांच्या बारा नंबरात कांदाच नव्हता. कोणी फोनवरची पाहणी केली नव्हती, कोणाची अर्ध्यावर अडकली होती, कोणाच्या घरात तसा फोनच नव्हता. ७० हजार रुपयांपर्यंतचे अनुदान एका न झालेल्या निवडीवर अडून राहिले.

शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी ती अट काढावी म्हणून आवाज उठवला. वाद महिनाभर चालला आणि शेवटी मार्ग निघाला तो यादीबाहेरचा. ज्यांची नोंद नाही त्यांच्या बाबतीत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी गावात पडताळणी करावी आणि कांदा होता की नव्हता ते लेखी द्यावे, असे ठरले. त्यानंतर त्या तिघांच्या सहीचा कागद विक्रीपट्टीला जोडून शेतकऱ्यांनी बाजार समितीत अर्ज भरले.